परवाना कुणाचा, धाक कुणाला?

(हिंसाविरोधी पंधरवड्यानिमित्त मांजरी बुद्रुक येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर वाचून दोघी-तिघींनी आत येतानाच विचारलं, "ताई, बंदुकीच्या परवान्याशी आपला काय संबंध? आपल्यापैकी कुणाला बंदूक घ्यायची आहे?" प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकींनी बंदूक हातात धरलेली नाही आणि धरायची हौसही नाही. पण ती घरातल्या कुणाच्या तरी कमरेला असते, कपाटात असते, गाडीच्या खणात असते. तिचा परवाना सरकार देतं. सरकार तो कुणाला देतं, कुणाला नाकारतं, आणि ठरवताना त्या घरातल्या बाईला कुणी काही विचारतं का, एवढंच आज तपासायचं आहे.

मांजरीत हा विषय काढायला कारण आहे. मांजरी म्हटलं की जुन्या माणसांना ऊस आठवतो, द्राक्षं आठवतात. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच, द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र मांजरी फार्मवर. मुळा-मुठेकाठची ही जमीन पिढ्यान् पिढ्या एकरात मोजली जायची. शेजारी हडपसर वाढलं, मगरपट्टा उभा राहिला, जून २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक आणखी २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. जमीन आधी गुंठ्यात आणि मग चौरस फुटात मोजली जाऊ लागली. 'गुंठामंत्री' हा शब्द आपल्याच भागाने मराठीला दिला. गळ्यात साखळी, दारात मोठी गाडी आणि कमरेला 'घोडा', हे त्या मंत्रिपदाचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

या चित्रात बाई कुठे आहे? ती हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावली जाते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला. कायदा झाला, पण सहीच्या दिवशी खोलीत कोण कोण बसलेलं असतं आणि टेबलावर काय ठेवलेलं असतं, ते कायद्याला दिसत नाही.

परवानगीचा इतिहास

हा परवाना आला कुठून ते थोडं पाहू. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या काळात शस्त्रांचा कायदा झाला. देशी वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्र बाळगायला हिंदी माणसाला परवाना लागे, गोऱ्याला लागत नसे. म्हणजे परवाना ही सुरुवातीपासूनच सत्तेची खूण होती. सत्तेला ज्याचं भय नाही त्याला सूट, ज्याचं भय आहे त्याला मनाई. म्हणूनच काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध मागणी होत राहिली. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला गेला.

मग स्वातंत्र्य आलं. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. ज्याला त्याला सरसकट असा हक्क देता येणार नाही, आणि खरा प्रश्न शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नसून वेळ आली तर देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्यामुळे आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही. ती सरकारने दिलेली परवानगी आहे. ही गोष्ट आपल्या कामासाठी फार महत्त्वाची आहे. दिलेली परवानगी काढून घेता येते.

आजचा शस्त्र अधिनियम १९५९ चा, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. पुढे ऐंशीच्या दशकात पंजाब पेटलं तसा तो कडक होत गेला. परवान्यासाठी किमान वय २१ झालं, बाहेरून बंदुका आणणं बंद झालं. २०१० साली केंद्रीय गृहमंत्रालयाने पोलिस पडताळणीशिवाय परवाना देऊ नका असं राज्यांना बजावलं. नंतर सगळ्या परवान्यांची देशपातळीवरची संगणकीय नोंद सुरू झाली. २०१६ साली नवे नियम आले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं, परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. लग्ना-वरातीत हौसेने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

म्हणजे कागदावर दिशा घट्ट करण्याची आहे. मधूनच उलटा वाराही वाहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पंजाब सरकारने सगळे परवाने तपासायला घेतले, बंदुकीचा तोरा मिरवणाऱ्या गाण्यांवर बंदी घातली, आणि पुढच्या मार्चमध्ये ८१३ परवाने रद्द केले. त्याच देशात मे २०२५ मध्ये आसामच्या मंत्रिमंडळाने काही भागांतल्या मूळ रहिवाशांना परवाने देण्याचं धोरण मंजूर केलं. एक राज्य आवळतं, दुसरं सैल करतं.

आकडे काय सांगतात

आता आकडे. केंद्रीय गृहमंत्रालयाकडच्या नोंदीप्रमाणे ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात ३३,६९,४४४ चालू परवाने होते. एकट्या उत्तर प्रदेशात १२,७७,९१४. त्याखालोखाल जम्मू-काश्मीर ३,६९,१९१ आणि पंजाब ३,५९,३४९. महाराष्ट्रात ८४,०५०. केरळात अवघे ९,४५९.

नुसते आकडे फसवतात, म्हणून मी २०११ च्या जनगणनेशी त्यांचा हिशोब घातला. दर लाख माणसांमागे पंजाबात सुमारे १,३०० परवाने येतात, उत्तर प्रदेशात ६४०, महाराष्ट्रात ७५, केरळात २८. केरळातल्या माणसाच्या जिवाला पंजाबातल्या माणसापेक्षा शेहेचाळीसपट कमी धोका आहे असं कुणी म्हणेल का? धोका हे परवान्याचं एक कारण असेल. जमीनदारी, लष्करी परंपरा, अशांततेचा इतिहास, राजकारण आणि मर्दपणाच्या कल्पना ही दुसरी कारणं आहेत, आणि ती जास्त भारी दिसतात.

मर्दपणाचं एक उदाहरण सांगते, सरकारचंच आहे. २००८ साली मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना प्रशासनाने काढली. नसबंदीने मर्दपणा जातो अशी पुरुषांची समजूत, तर तो बंदुकीने भरून देऊ! बायका वर्षानुवर्षं शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपत आल्या, त्यांना काय भरून मिळालं? आणि ज्या घरात ही बक्षिसाची बंदूक गेली त्या घरातल्या बाईचं काय, हा विचार त्या योजनेत नव्हता.

जम्मू-काश्मीरचा मोठा आकडा कसा फुगला तेही बघा. २०१२ ते २०१६ या काळात तिथे दिलेल्या सुमारे पावणेतीन लाख परवान्यांची चौकशी सीबीआयकडे गेली. पैसे घेऊन, राज्याबाहेरच्या माणसांनाही परवाने दिल्याचा आरोप त्यात आहे. प्रकरणाला वाचा फोडली ती २०१७ साली राजस्थान पोलिसांनी.

आपल्याकडेही पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यानंतर तिथले शस्त्र परवाने चर्चेत आले. बीडमध्ये बाराशेवर परवाने आणि शेजारच्या परभणीत ३२, असे आकडे तेव्हा सामाजिक कार्यकर्त्यांनी जाहीरपणे मांडले. लोकसंख्येच्या मानाने बाराशे ही संख्या राज्याच्या सरासरीहून मोठी नाही. पण शेजारी-शेजारी असलेल्या दोन जिल्ह्यांत एवढी तफावत कशी, याला उत्तर द्यावं लागतं. ओरड झाल्यावर पोलिसांनी फेरतपासणी केली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. मग हेच परवाने देताना काय तपासलं होतं?

नकार आणि नकारानंतर

परवाना पुणे शहरात पोलिस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी. शेतीच्या राखणीसाठी साध्या नळीची बंदूक मागितली तर कायदा जरा सैल आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याने मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. पोलिस ठाण्याचा अहवाल लागतो. नकार द्यायचा तर अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवायची. निव्वळ मालमत्ता नाही म्हणून कुणाला नाकारता येत नाही, असंही कलम १४ मध्ये लिहिलं आहे. हे वाचून मला हसू आलं. कारण आपल्या भागात ज्याला मालमत्ता नाही तो मागायलाच जात नाही.

नकार मिळाला तर वर अपील करता येतं. अपिलाची सोय असायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पण पुण्यातलंच एक प्रकरण २०२५ साली सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. पोलिसांनी नाकारलेला एक परवाना मंत्रालयात अपिलात मंजूर झाला. अर्जदाराचा भाऊ पोलिसांच्या लेखी टोळीप्रमुख. गदारोळ झाल्यावर परवाना प्रत्यक्षात दिलेलाच नाही असं पोलिसांनी सांगितलं. यात कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायला आपण बसलेलो नाही. आपल्याला एवढंच कळतं की खालचा नकार हा शेवटचा नकार नसतो, आणि वर पोचण्याची ताकद कुणाकडे असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

बाईच्या हातात बंदूक?

इथे एक मुद्दा नेहमी येतो. "मग बायकांनाच द्या की परवाने! स्वतःचं रक्षण करतील." दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये जे घडलं त्यानंतर ही भाषा फार ऐकू आली. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन अर्धा किलो, किंमत १,२२,३६०, आणि ठेवायला दागिन्यासारखी मरून रंगाची पेटी. ज्या मुलीच्या मरणाने देश हादरला तिला लोकांनी दिलेल्या नावावरून हे नाव, आणि खोक्यात रिव्हॉल्व्हर! कंपनीतून रात्रपाळी करून परतणाऱ्या, घरकामाला जाणाऱ्या बाईची किती महिन्यांची कमाई ती, आपणच हिशोब करा. रस्त्यावर दिवे, वेळेवर बस, तक्रार लिहून घेणारा हवालदार, हे देणं सरकारचं काम. त्याऐवजी तुझी तू बंदूक घे आणि तुझी तू वाच, असं सांगितलं गेलं.

आणि वाचायचं कुणापासून? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांवरच्या गुन्ह्यांच्या ४,४५,२५६ नोंदी आहेत. त्यांतला सर्वांत मोठा भाग, जवळजवळ एक तृतीयांश, नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा आहे. बलात्काराच्या नोंदींतही दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा निघतो. ज्याच्यापासून धोका आहे त्याच्याच घरात, त्याच्याच कपाटात ही पेटी राहणार. किल्ली कुणाकडे राहील?

उलट अनुभवही सांगायला हवा. बाईच्या हातात बंदूक आली की न्याय आला, असं नाही. जुलै २०२४ मध्ये मुळशी तालुक्यातली एक चित्रफीत घराघरांत पाहिली गेली. जमिनीच्या वादात हातात पिस्तूल घेतलेली बाई, आणि समोर शेतकरी. बंदूक ज्याच्याकडे आहे त्याची ती भाषा होते, मग तो पुरुष असो की बाई. स्त्रीमुक्तीचा अर्थ धाक घालणारा हात बदलणं, असा आपण कधीच घेतलेला नाही.

न झाडलेली गोळी

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येते. बंदुकीची चर्चा झाली की किती खून झाले ते मोजतात. खून मोजलेच पाहिजेत. दिल्लीत जुलै १९९५ मध्ये नैना साहनीचा खून झाला, नवऱ्याच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरने. तंदूरचं प्रकरण म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिलं, परवाना कुणाच्या लक्षात राहिला नाही. एप्रिल १९९९ मध्ये जेसिका लालला दारू दिली नाही म्हणून गोळी घालण्यात आली. ज्याला शिक्षा झाली त्याच्या नावावर पिस्तुलाचा परवाना होता. डिसेंबर २०१६ मध्ये पंजाबात भटिंडा जिल्ह्यात लग्नाच्या कार्यक्रमात नाचणारी एक तरुण मुलगी हौसेच्या गोळीबारात व्यासपीठावरच मेली. जुलै २०२३ मध्ये आपल्या पुण्यातच, बाणेरला, एका वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याने पत्नीला आणि पुतण्याला गोळ्या घालून स्वतःला संपवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलिस ठाण्यातच एका आमदाराने परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. वाद जमिनीचा होता.

पण न झाडलेल्या गोळीची नोंद कुठेच होत नाही. आमच्या सल्ला केंद्रात एक बाई यायच्या. त्यांना मी विचारलं, "मारतो का?" त्या म्हणाल्या, "नाही. जेवायला बसताना काढून ताटाशेजारी ठेवतो. मग मुलंही बोलत नाहीत आणि मीही नाही." त्या बाईच्या अंगावर वळ नव्हता. डॉक्टरांचा दाखला मिळाला नसता, पोलिसांनी अदखलपात्रही लिहून घेतलं नसतं. पण त्या घरातला प्रत्येक निर्णय, मुलीची शाळा, माहेरी जाणं, बँकेचा कागद, त्या ताटाशेजारच्या वस्तूने घेतला होता. दुसरी एक बाई म्हणाली, "परवाना सरकारने दिलाय, मग तक्रार कुणाकडे करू?" या वाक्यावर विचार करा. परवाना असल्यामुळे तिला तो धाकही सरकारमान्य वाटत होता.

कुणी म्हणेल, बंदुकीने होणारे बहुतेक खून बिनपरवान्याच्या हत्यारांनी, गावठी कट्ट्यांनी होतात. हे खरंच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये बिनपरवाना हत्यारांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली. कट्ट्यांवर कारवाई व्हायलाच हवी. पण कट्टा ठेवणाऱ्याला पोलिसांची भीती असते. परवानाधारकाला ती नसते. तो उघड ठेवतो, उघड दाखवतो, आणि त्याच्या मागे सरकारचा शिक्का असतो. म्हणून त्याची जबाबदारी सरकारची जास्त आहे.

कायद्याने काय करता येतं

शस्त्र अधिनियमाचं कलम ९ सांगतं, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षं बंदूक ठेवता येत नाही. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड ज्याच्याकडून घेतला आहे त्यालाही त्या मुदतीत नाही. म्हणजे छळाच्या खटल्यात शिक्षा झाली तर हे कलम लागतं. असे खटले किती वर्षं चालतात आणि किती टिकतात, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

कलम १७ जास्त उपयोगाचं आहे. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी गरज वाटली, किंवा परवानाधारक कोणत्याही कारणाने अयोग्य वाटला, तर परवाना देणारा अधिकारी तो निलंबित किंवा रद्द करू शकतो. शिक्षेची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे बाई थेट पोलिस आयुक्तांकडे किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊ शकते.

तिसरं हत्यार कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यात आहे. तो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांतला नियम १० संरक्षण अधिकाऱ्याची कामं सांगतो. हिंसेत वापरलेलं हत्यार जप्त करायला गरज पडली तर पोलिसांची मदत घ्यावी, हे त्यात लिहिलेलं आहे. पण त्यासाठी न्यायालयासमोर बंदुकीचा उल्लेख आला पाहिजे. आपण घटनेचा अहवाल भरून देतो तेव्हा मारहाण लिहितो, उपाशी ठेवलं ते लिहितो, हुंडा लिहितो. घरात हत्यार आहे का, परवाना कुणाच्या नावावर आहे, ते कधी कसं दाखवलं, हे यापुढे प्रत्येक अहवालात लिहायचं. बाई स्वतःहून सांगणार नाही. आपण विचारायचं.

आता उणीव. या कायद्याखाली बाईला संरक्षणाचा आदेश मिळाला तरी तेवढ्याने नवऱ्याचा परवाना आपोआप थांबत नाही, कारण कलम ९ मध्ये या आदेशाचा उल्लेख नाही. शिवाय हा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायालयात जातो. पोलिस ठाण्यात त्याची नोंद असेलच असं नाही. त्यामुळे परवान्यासाठी ठाण्याचा अहवाल 'कोणताही गुन्हा दाखल नाही' असा स्वच्छ जाऊ शकतो, आणि त्याच वेळी तालुक्याच्या न्यायालयात बायको संरक्षण मागत उभी असू शकते.

सरकारला हत्यारं तात्पुरती काढून घेता येत नाहीत असं मात्र कुणी सांगू नये. निवडणूक लागली की परवानाधारकांची छाननी होते आणि हत्यारं ठाण्यात जमा करून घेतली जातात. मतदाराला धाक बसू नये म्हणून. निकालानंतर ती परत मिळतात, कुणाची अब्रू जात नाही. मग मतदाराच्या मनातला धाक सरकारला कळतो, तर बायकोच्या मनातला का कळू नये? "खोट्या तक्रारी होतील" असं म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. जमा करून घेणं ही शिक्षा नाही. चौकशी होऊ दे, तक्रार टिकली नाही तर परत घेऊन जा.

इतरांनी काय केलं

या पंधरवड्यात ६ डिसेंबर येतो. आपल्यासाठी तो बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. कॅनडातल्या बायकाही तो पाळतात, वेगळ्या कारणाने. १९८९ साली याच दिवशी माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका पुरुषाने स्त्रीवाद्यांविरुद्ध बोलत चौदा स्त्रियांना गोळ्या घालून मारलं. बंदूक कायदेशीर विकत घेतलेली होती. तिथल्या स्त्रियांनी आणि विद्यार्थिनींनी वर्षानुवर्षं लढून १९९५ साली नवा कायदा करायला लावला. तिथे परवान्याच्या अर्जावर जोडीदाराची सही मागतात. गेल्या दोन वर्षांत सोबत राहिलेली, आता वेगळी झालेली जोडीदारही त्यात येते. सही नसेल तर तिला अधिकाऱ्यांकडून कळवलं जातं.

बंदुकांचं माहेरघर म्हणतात त्या अमेरिकेतही १९९४ पासून संरक्षणाच्या आदेशाखाली असलेल्या माणसाला आणि १९९६ पासून घरगुती हिंसेत दोषी ठरलेल्याला बंदूक ठेवायला मनाई आहे. त्यांच्या घटनेत बंदूक हा हक्क असूनही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये त्यातली पहिली मनाई आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरली. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या कौटुंबिक हिंसेच्या कायद्यात न्यायालयाने हत्यार जप्त करण्याची तरतूद आहे. आपल्याकडे तर बंदूक हक्कही नाही. मग आपण मागे का?

कॅनडाची सही जशीच्या तशी इथे आणून मात्र भागणार नाही. हक्कसोडपत्रावरच्या सह्या कशा होतात ते आपल्याला माहीत आहे. नवऱ्याने "इथे सही कर" म्हटलं की ती होणार. म्हणून घरातल्या प्रौढ स्त्रियांशी स्त्री अधिकाऱ्याने वेगळं, गुप्तपणे बोलावं, आणि नकार कुणामुळे झाला ते अर्जदाराला कळू नये, अशी आपली मागणी असायला हवी.

आपण काय करायचं

पहिलं काम माहितीच्या अधिकाराचं. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. शहरासाठी पोलिस आयुक्तालयात, ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात. गेल्या पाच वर्षांत किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर? अर्जदारांत बायका किती? अपिलात किती नकार फिरवले गेले? किती परवाने निलंबित झाले, त्यांत घरातल्या बाईच्या तक्रारीवरून किती? नावं मागू नका, ती सुरक्षेच्या कारणाने नाकारतील. संख्या मागा. २०१६ च्या त्या देशभराच्या तक्त्यात राज्यांची रांग होती, बायकांचा रकाना नव्हता. तो रकाना आपल्यालाच उघडायला लावायचा आहे.

दुसरं, दर गटातल्या दोघींनी कलम १७ खालच्या तक्रारीचा नमुना लिहायला शिकायचं. तिसरं, ज्या बाईच्या घरात हत्यार आहे तिला एकटीला पुढे ढकलायचं नाही. तक्रार देण्याआधी ती आणि मुलं कुठे राहणार हे ठरवायचं, मगच अर्ज. हे मी मुद्दाम सांगते आहे. उत्साहाच्या भरात दिलेला अर्ज त्याच संध्याकाळी तिच्या घरी पोचू शकतो.

चौथी गोष्ट मागणीची. संरक्षणाचा आदेश झाला की परवाना आपोआप निलंबित व्हावा, अर्जदाराने कौटुंबिक हिंसेच्या अर्जाची माहिती देणं सक्तीचं असावं, आणि आकडे दरवर्षी स्त्री-पुरुष भेदानुसार जाहीर व्हावेत. कलम बदलायचं काम संसदेचं आहे, ते लांबचं. पण परवाना देण्याआधी घरातल्या बाईशी बोला, हे सांगायला इथल्या पोलिस आयुक्तांना संसदेची वाट पाहायला लागत नाही. आपलं शिष्टमंडळ आधी तिथे जाईल.

माहितीच्या अर्जाचे कोरे नमुने दाराशी ठेवले आहेत. जाताना प्रत्येक गटाने एक न्यावा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पुढच्या बैठकीला ती उत्तरं घेऊन या, आणि उत्तर आलं नसेल तर पहिल्या अपिलाचा कागद आपण इथेच बसून लिहू.